दोन बेअरिंगांवरची शर्यत

ऑस्टिन सेव्हन या जुन्या इंग्रजी मोटारीचा क्रँक दोनच बेअरिंगांवर फिरतो. एक पुढे, एक मागे. मधे आधार नाही; तो अगदी शेवटच्या काही वर्षांत आला. इंजिन सावकाश चालवलं तर काही बिघडत नाही, पण फेरे वाढले की क्रँक मधोमध वाकायला लागतो आणि एक दिवस तुटतो. तेलाची व्यवस्थाही तशीच. पंप तेल दाबाने क्रँकच्या पोटात घालत नाही. बारीक जेटमधून धार उडते, ती फिरत्या क्रँकच्या खाचेत पडते आणि तिथून बिग एंडपर्यंत, म्हणजे कनेक्टिंग रॉडच्या क्रँककडच्या टोकापर्यंत, पोहोचते. कोल्हापूरच्या उद्यमनगरात आमच्या आप्पांचं रिबोअरिंग आणि क्रँक ग्राइंडिंगचं दुकान होतं. हे इंजिन त्यांच्या पुढ्यात आलं असतं तर ते म्हणाले असते, गावात फिरायला ठीक आहे, घाटात नेऊ नका.

याच इंजिनावर इंग्लंडमधल्या बेताच्या पगारातल्या पोरांनी शर्यतगाड्या बांधल्या. भंगारात निघालेली घरगुती मोटार आणायची, टप उतरवायचा, चासी ताठ करायची, इंजिन खोलून नव्याने भरायचं आणि रविवारी तीच गाडी घेऊन सिल्व्हरस्टोनला जायचं. लग्नानंतर मी बर्मिंगहॅमला आले आणि इथेही ग्राइंडिंगच्याच कामात आयुष्य गेलं. ऑस्टिनचा लाँगब्रिजचा कारखाना याच शहराच्या दक्षिणेला होता. सेव्हनचे क्रँक अजूनही ग्राइंडिंगला येतात, आणि घेऊन येणारी माणसं तेवढ्यात तासभर गप्पा मारून जातात. त्या गप्पांमधून या प्रकरणाचा नाद मला लागला. पान्या-हातोड्याच्या माणसाला वाटतं की हा सगळा हाताच्या कसबाचा इतिहास आहे. मलाही आधी तसंच वाटायचं. पण खोलात गेल्यावर दिसतं की प्रत्येक वळणावर कुणीतरी एक नियम लिहिला होता, आणि गाडी त्या नियमाच्या मापाने घडत गेली.

पहिला नियम कराचा. पहिल्या महायुद्धानंतर ब्रिटनमध्ये मोटारीवर दर अश्वशक्तीला एक पौंड असा वार्षिक कर बसला. ही अश्वशक्ती इंजिन चालवून मोजायची नव्हती. सिलिंडरच्या व्यासाचा वर्ग करायचा, त्याला सिलिंडरांच्या संख्येने गुणायचं आणि अडीचने भागायचं. म्हणजे पिस्टन किती लांब धावतो याला हिशेबात जागाच नव्हती. ऑस्टिन कंपनीचा संस्थापक हर्बर्ट ऑस्टिन याची मोठी ‘ट्वेंटी’ मोटार या करात अडकली आणि १९२१ साली कंपनी दिवाळखोरीच्या दारात जाऊन पोहोचली. छोटी गाडी काढायचं त्याच्या मनात होतं, संचालक मंडळ तयार नव्हतं. तेव्हा त्याने ड्रॉइंग ऑफिसमधल्या स्टॅन्ली एज नावाच्या अठरा वर्षांच्या पोराला स्वतःच्या घरी, लिकी ग्रेंजला, नेलं आणि तिथल्या बिलियर्डच्या टेबलावर दोघांनी गाडीचे आराखडे काढले.

१९२२ च्या जुलैमध्ये ऑस्टिन सेव्हन जाहीर झाली. सुरुवातीचं इंजिन ६९६ सीसीचं होतं, लवकरच ते ७४७ सीसीचं झालं: व्यास २.२ इंच, स्ट्रोक ३ इंच. वरचं गणित करून पाहा, उत्तर पावणेआठच्या आसपास येतं. म्हणजे वर्षाला आठ पौंड कर. इंजिनाची खरी ताकद साडेदहा अश्वशक्ती. त्या बारीक व्यासाचं आणि लांब स्ट्रोकचं मूळ असं करखात्याच्या सूत्रात आहे. चारही चाकांना ब्रेक होते, पण पायाचा ब्रेक मागच्या चाकांना आणि हाताचा पुढच्या. सगळ्या गाडीचं वजन साडेतीनशे किलोच्या आसपास. १९३९ पर्यंत अशा सुमारे २ लाख ९० हजार गाड्या निघाल्या. जर्मनीत डिक्सी कंपनीने ती परवान्यावर बनवली, ती कंपनी बीएमडब्ल्यूने विकत घेतली, आणि बीएमडब्ल्यूची पहिली मोटार म्हणजे हीच ऑस्टिन सेव्हन.

या गाडीने शर्यतीत उतरायला वेळ लावला नाही. ऑस्टिनचा जावई आर्थर वेट १९२३ मध्ये इटलीतल्या मोंझाला जाऊन ७५० सीसीच्या गटात जिंकून आला. १९३० मध्ये ब्रुकलंड्सची ५०० मैलांची शर्यत सॅमी डेव्हिस आणि अर्ल ऑफ मार्च यांनी ‘अल्स्टर’ जातीच्या सेव्हनवर जिंकली, ताशी ८३ मैलांच्या सरासरीने. पुढे मरे जेमिसनने कंपनीसाठी दोन कॅमशाफ्ट आणि सुपरचार्जर असलेल्या सिंगल सीटर बांधल्या. यंत्र म्हणून त्या देखण्याच होत्या. पण त्या कंपनीच्या पैशातून झालेल्या गाड्या; एखाद्या कारकुनाला किंवा शाळामास्तराला त्यांचा काही उपयोग नव्हता. त्यामुळे त्यांच्यावर मी अधिक लिहीत नाही.

माझा विषय सुरू होतो १९३९ ला. ‘मोटर स्पोर्ट’ मासिकाचे संपादक बिल बॉडी यांच्या पुढाकाराने सेव्हनवाल्यांचा एक क्लब निघाला, सेव्हन फिफ्टी क्लब. लगेच युद्ध लागलं. युद्ध संपलं तेव्हा देशात परिस्थिती अशी की कारखान्यांतून निघणाऱ्या नव्या गाड्या परदेशी चलनासाठी निर्यातीला जायच्या, मिळालीच तर त्यावर खरेदीकर, आणि पेट्रोलचं रेशनिंग १९५० च्या मे महिन्यापर्यंत चालू. मात्र जुन्या भागांतून घरी बांधलेल्या गाडीवर खरेदीकर नव्हता. भंगारवाल्यांच्या आवारात कुजलेल्या टपाच्या ऑस्टिन सेव्हन काही पौंडांत मिळत होत्या. हवाई दलात फिटरचं काम शिकलेले हजारो तरुण घरी परतले होते, आणि ज्या धावपट्ट्यांवरून बॉम्बर उडायचे त्या ओस पडल्या होत्या. सिल्व्हरस्टोन ही त्यातलीच एक. १९४८ पासून तिथे मोटारी धावू लागल्या.

आता फक्त एक नियमावली हवी होती. क्लबचा युद्धानंतरचा कणा म्हणजे हॉलंड बर्केट, हॅम्पशरमधल्या फ्लीट गावचा जनावरांचा डॉक्टर. त्याच्या काळात क्लबने ‘७५० फॉर्म्युला’ ठरवला आणि १९५० पासून त्या नियमांखाली शर्यती सुरू झाल्या. गाभा अगदी थोडक्यात सांगता येतो. चासी ऑस्टिन सेव्हनचीच. इंजिनाचा ब्लॉक सेव्हनचाच. सुपरचार्जर बंद. या शेवटच्या दोन शब्दांचं मोल मोठं आहे. सुपरचार्जर आला की जेमिसनच्या गाड्यांचा काळ परत आला, आणि ज्याच्याकडे पैसा तो पुढे. तो बंद केल्यामुळे कसब आणि चिकाटी यांनाच भाव राहिला. हे लिहिणारी माणसं स्वतः आपल्या गॅरेजमध्ये हात काळे करणारी होती, म्हणून त्यांना ते सुचलं.

गाडी बदलायची म्हणजे काय करायचं, ते जरा तपशिलात सांगते, कारण मला त्यातच खरा रस आहे.

आधी टप उतरवायचा. बंद टपाच्या सेव्हनमध्ये लाकडी सांगाडा आणि त्यावर पत्रा. तो काढला की वजनाचा मोठा हिस्सा गेला. खाली उरते ती चासी, इंग्रजी ए अक्षराच्या आकाराची, पुढे निमुळती, मागे रुंद. तिचे दोन्ही लोखंडी पट्टे उघड्या नळीसारखे असतात, तीन बाजू बंद आणि एक मोकळी. ताकद वाढवली की ही चासी पिळवटते. म्हणून मोकळ्या बाजूला पट्टी वेल्ड करून पेटी बंद करायची आणि मधे आडवे तुकडे घालायचे. मग गाडी खाली बसवायची. पुढे एकच आडवा कमानपाटा, तो सपाट करून घ्यायचा. मागे अर्धवट पाटे, त्यांचं टोक चासीतून मागे आलेलं. वळणावर गाडी एका अंगावर झुकली की हे पाटे मागचा अ‍ॅक्सल किंचित तिरका करतात आणि मागची चाकं स्वतःच वळायला बघतात. पहिल्यांदा चालवणारा घाबरतो. पाटे सपाट केले की ही खोड कमी होते.

पुढचा अ‍ॅक्सल म्हणजे एक सलग दांडा. लेस्ली बॅलमी नावाच्या माणसाने तो मधोमध कापून दोन भाग करायची आणि मधे बिजागरी घालायची युक्ती बाजारात आणली. चाकं एकमेकांपासून सुटी झाली. वायरचे ब्रेक काढून हायड्रॉलिक बसवायचे. रेडिएटर खाली घ्यायचा, स्टीअरिंगचा दांडा आडवा करायचा, म्हणजे चालक जमिनीलगत बसतो. मग अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्याचा, पन्नासच्या दशकात फायबरग्लासचा, हलका टप.

आणि इंजिन. साइड व्हॉल्व्हचं असल्यामुळे हेड म्हणजे नुसतं झाकण. ते फेसिंग करून घ्यायचं किंवा जास्त कॉम्प्रेशनचं अ‍ॅल्युमिनियमचं हेड मिळवायचं. व्हॉल्व्हला दुहेरी स्प्रिंगा, एसयू कार्बोरेटर, चार वेगळ्या नळ्यांचा एक्झॉस्ट. फ्लायव्हील लेथवर धरून हलकं करायचं, पण बेतानं. जास्त उतरवलं तर ते फुटतं आणि तुकडे चालकाच्या पायांकडे येतात. क्रँक नंतरच्या काळातला, जाड जर्नलचा शोधायचा. सव्वा इंचाहून थोडा जाड, एवढंच, पण हातात घेतला की फरक कळतो. मग बारीक भेगा तपासायच्या, ग्राइंड करायचा, बॅलन्स करायचा. इतकं करूनही तो कधीतरी तुटायचाच. जादा क्रँक सोबत ठेवणारी माणसं मी पाहिली आहेत. एवढ्या खटपटीतून त्या साडेदहा अश्वशक्तीच्या दुपटीहून अधिक ताकद निघायची. सोमवारी तीच गाडी कामावर नेणारेही होते.

बिल विल्यम्स यांनी या कामावर एक पुस्तक लिहिलं, ‘ऑस्टिन सेव्हन स्पेशल्स’. कित्येकांची यंत्रशाळा तेच.

याच काळात उत्तर लंडनमध्ये मसवेल हिलला, मैत्रिणीच्या आई-वडिलांच्या घरामागच्या गॅरेजमध्ये, कॉलिन चॅपमन नावाचा विद्यार्थी एक जुनी सेव्हन खोलत होता. युनिव्हर्सिटी कॉलेजात तो बांधकामाचं अभियांत्रिकी शिकत होता, आणि त्याने टपच चासीच्या ताकदीत सामील करून घेतला: प्लायवूडवर अ‍ॅल्युमिनियम चढवलेले पत्रे, जे वजन पेलतात. १९४८ ची ही गाडी पहिली लोटस मानली जाते. मैत्रीण म्हणजे हेझल विल्यम्स, पुढे त्याची बायको. १९५२ मध्ये कंपनी काढताना सुरुवातीचे २५ पौंड तिने दिले होते. लोटसवरच्या लेखांत तिचं नाव एका ओळीत आटोपतं, ते मला खटकतं. गॅरेज तिच्या घरचं, भांडवल तिचं, कामाला हातही तिचा.

१९५१ मध्ये चॅपमनने ७५० फॉर्म्युलासाठी मार्क थ्री बांधली. सेव्हनच्या ब्लॉकमध्ये शेजारच्या दोन सिलिंडरांना मिळून एकच इनलेट असतं. इंजिनाच्या क्रमात हे दोघे शेजारी लागोपाठ ओढतात, त्यामुळे एकाच्या वाट्याचं मिश्रण दुसरा पळवतो. ब्लॉक तर बदलायचा नाही. चॅपमनने इनलेटच्या आतच पातळ पोलादी पडदा घातला, एका वाटेच्या दोन वाटा केल्या आणि त्यावर दोन तोंडांचा कार्बोरेटर बसवला. प्रत्येक सिलिंडरला स्वतःचा वाटा मिळाला. त्या मोसमात बाकीच्या गाड्या त्याच्या जवळपासही आल्या नाहीत. माझ्या धंद्यातल्या कुणालाही ही युक्ती वाचून टाळी द्यावीशी वाटेल.

क्लबने पुढच्या मोसमासाठी ती बंद केली.

यावर बरंच लिहिलं गेलं आहे, आणि बहुतेकांचा सूर असा की क्लबने प्रतिभेला कात्री लावली. मला ते पटत नाही. तो पडदा चालू ठेवला असता तर पुढच्या वर्षी प्रत्येकाला तो बसवावा लागला असता. ज्याच्याकडे मशिन शॉप नाही त्याने तो विकत घेतला असता, मग त्याहून चांगला, मग त्याहून. चॅपमनला रोखून क्लबने त्याचं काहीच बिघडवलं नाही. तो मोठ्या मैदानात गेला आणि लोटसने १९६३ ते १९७८ दरम्यान सात वेळा फॉर्म्युला वनचं कन्स्ट्रक्टर्स अजिंक्यपद मिळवलं. मागे राहिलेल्या शाळामास्तरांचा आणि फिटरांचा खेळ मात्र त्या एका बंदीमुळे वाचला. क्लबने बर्केटच्या नावाने सहा तासांची रिले शर्यत आजवर चालू ठेवली आहे. बर्केट स्वतः १९६३ मध्ये विमान अपघातात गेला.

या शाळेतून आणखी किती जण निघाले! फोर्डच्या ११७२ सीसी इंजिनासाठी क्लबने दुसरा फॉर्म्युला काढला, त्यात एरिक ब्रॉडलीने पहिली गाडी बांधली आणि पुढे लोला कंपनी काढली. टोनी साउथगेटने सुरुवात ७५० फॉर्म्युलात केली. १९८८ मध्ये ल मान्स जिंकणारी जॅग्वार त्याने आखलेली. तिकडे न्यूझीलंडमध्ये पंधरा वर्षांचा ब्रूस मॅक्लारेन वडिलांच्या जुन्या ऑस्टिन अल्स्टरवर डोंगर-चढाईत उतरला. मॅक्लारेन हे नाव आज सगळे ओळखतात.

सेव्हनचा काळही एका नियमाने संपवला. १९६० पासून ब्रिटनमध्ये दहा वर्षांवरच्या गाड्यांची वार्षिक तपासणी सक्तीची झाली. घरगुती बनावटीच्या कित्येक गाड्या ब्रेक आणि स्टीअरिंगवरच नापास झाल्या, आणि सुरक्षिततेच्या दृष्टीने ते योग्यही होतं. शिवाय १९५९ ला मिनी आली होती. शोरूममधून थेट शर्यतीत नेता येईल अशी. जुने ब्लॉकही संपत आले. क्लबने मग रिलायंट कंपनीच्या छोट्या अ‍ॅल्युमिनियम इंजिनाला परवानगी दिली. ऑस्टिनने सेव्हनचं इंजिन बंद केल्यावर रिलायंट आपल्या तीनचाकींसाठी तेच स्वतः बनवत असे. अ‍ॅल्युमिनियमचं हे इंजिन त्यानंतरचं. पुढे फियाटची इंजिनं आली. गाड्या पार बदलल्या, पण ७५० फॉर्म्युला आजही धावतो.

रिलायंटच्या या इंजिनाचा एक धागा आपल्याकडे येतो. १९८० च्या दशकात बंगळूरच्या सिपानी कंपनीने रिलायंटच्या ‘किटन’वरून ‘डॉल्फिन’ ही फायबरग्लासच्या टपाची गाडी काढली, ८४८ सीसीची. घरगुती गाडी म्हणून ती फारशी चालली नाही. दारं दोनच, आणि फायबरच्या टपावर लोकांचा विश्वास बसेना. पण अ‍ॅम्बॅसडर आणि फियाटच्या मानाने ती इतकी हलकी होती की मद्रासजवळच्या शोलावरमच्या शर्यतींत आणि रॅलींत तिला मागणी आली. शोलावरम हीसुद्धा महायुद्धातली धावपट्टी.

मग मारुती आली, डिसेंबर १९८३. तीन सिलिंडर, ७९६ सीसी. कोइमतूरच्या एस. करिवर्धनने त्या इंजिनावर सिंगल सीटर बांधली आणि १९८८ मध्ये फॉर्म्युला मारुती सुरू झाला. सगळ्यांना तेच इंजिन, ज्याचे सुटे भाग कुठल्याही तालुक्याच्या गावी मिळतात. नारायण कार्तिकेयन त्यातूनच वर आला आणि २००५ मध्ये फॉर्म्युला वनमध्ये धावणारा पहिला भारतीय ठरला. करिवर्धन १९९५ मध्ये गेला, बर्केटसारखाच विमान अपघातात. कोइमतूरचा कारी मोटर स्पीडवे त्याच्या नावाचा आहे.

खर्चालाच नियम लावणारं एक उदाहरणही आहे. अमेरिकेत २००६ पासून ‘लेमन्स’ नावाच्या शर्यती होतात. गाडी ५०० डॉलरांच्या आत तयार झालेली हवी. पंच हिशेब तपासतात आणि वरच्या प्रत्येक दहा डॉलरांना एक फेरी कापतात. मात्र रोल केज (चालकाभोवतीचा पिंजरा), सीट, सीटचे पट्टे, ब्रेक आणि अग्निशामक यांचा खर्च ५०० मध्ये धरत नाहीत. जीव वाचवणाऱ्या गोष्टीत काटकसर करायला कुणी प्रवृत्त होऊ नये, म्हणून. हा नियम मला फार शहाणपणाचा वाटतो. चॅपमनच्या पिढीकडे ना केज होता ना पट्टे, आणि त्याची किंमत अनेकांनी मोजली.

आता माझी विनंती. मारुती ८०० चं उत्पादन २०१४ च्या सुरुवातीला थांबलं. २५ लाखांहून अधिक गाड्या देशात विकल्या गेल्या होत्या, त्या आता झपाट्याने भंगारात चालल्या आहेत. सेव्हनचं १९४८ साली जे झालं तेच हे: स्वस्त, हलकी, प्रत्येक मिस्त्रीला पाठ असलेली गाडी. आपल्याकडे मूळ बनावटीत फेरफार केलेली गाडी रस्त्यावर आणायला कायद्याची मनाई आहे आणि २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ते स्पष्ट केलं, तेव्हा ती टेम्पोवर घालून ट्रॅकवर न्यावी लागेल. त्याला हरकत नाही. कोल्हापूरजवळ गो-कार्टचा ट्रॅक आहे. उद्यमनगरात बोअरिंग, ग्राइंडिंग, वेल्डिंग, फाउंड्री सगळं हाकेच्या अंतरावर आहे. आपली अभियांत्रिकीची मुलं बाहा स्पर्धेसाठी दरवर्षी गाड्या बांधतातच, आणि त्या स्पर्धेत सगळ्यांना सारखंच इंजिन असतं.

कमी आहे ती दोन पानांच्या नियमावलीची. ब्लॉक, हेड आणि कार्बोरेटर मूळचे. खर्चाला मर्यादा, केज आणि पट्ट्यांना नाही. आणि पहिल्याच वर्षी एखादा कोल्हापुरी चॅपमन इनलेटमध्ये पडदा घालून सगळ्यांच्या पुढे गेला, तर त्याला शाबासकी देऊन तो पडदा पुढच्या वर्षी बंद करण्याची धमक. पश्चिम महाराष्ट्रातल्या मोटर क्लबांनी हे मनावर घ्यावं. पहिल्या गाडीचा क्रँक माझ्याकडे बर्मिंगहॅमला पाठवा, मी ग्राइंड करून देईन.